चौथ्या पानावरची तारीख

बेळगाव, डिसेंबरअखेर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

आपल्या संस्थेच्या नववर्षाच्या वार्तापत्राचा तुझा मसुदा मिळाला. चारही पानं दोनदा वाचली. एकदा चष्मा लावून मनातल्या मनात, आणि एकदा मोठ्यानं, आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना बसवून. दुसरं वाचन जास्त कामाचं झालं. बाईंनी पदर सावरत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाय की. पण ते डोळ्याचं कुठं म्हणालासा?"

डोळ्याच्या शिबिराचं चौथ्या पानावर होतं, खालच्या कोपऱ्यात, जाहिरातीला चिकटून. मी ते वाचलं होतं, पण तोवर त्यांनी अकरा विश्वस्तांच्या हार्दिक शुभेच्छा ऐकल्या होत्या. बाराव्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष राहील?

तू लिहितेस चांगलं. शुद्धलेखन तर माझ्या बरोबरीच्या कितीतरी शिक्षकांपेक्षा बरं आहे. फक्त हे पत्रक कुणाच्या हातात पडायचं आहे, ते तू ठरवलेलं नाहीस. अध्यक्ष दिसले पाहिजेत, देणगीदार खूश झाले पाहिजेत, बातमी पेपरात आली पाहिजे, आणि एवढं करून जागा उरली तर गरजवंतानं कधी यायचं ते सांगायचं. आपल्याकडे सगळ्या संस्थांचं असंच चालतं. मीही वीस वर्षं तेच केलं, म्हणून सांगते: उलटं कर. शिबिराला ज्याला यायचं आहे, पोराला दप्तर ज्याला हवं आहे, त्याचं पान पहिलं. देणगीदाराची काळजी करू नकोस, स्वतःचं नाव शोधत तो चौथ्या पानापर्यंत बरोबर येतो.

डोळ्याच्या शिबिराचीच गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी पत्रकात मी लिहिलं होतं, 'वेळ सकाळी ९ ते १'. कणकुंबीच्या बाजूच्या एक आजी पावणेबाराला पोचल्या. डॉक्टरांच्या माणसांनी नोंदणी साडेअकरालाच बंद केली होती. ते आधीच ठरलेलं होतं, मलाही ठाऊक होतं, पण मी ते छापलं नव्हतं. आजींनी कमरेची चंची सोडली, त्यातून चार घड्या घातलेलं आपलं पत्रक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्यासमोर धरलं. वाचता येत नव्हतं त्यांना. कुणीतरी सांगून ठेवलं असणार, की वेळ या ओळीत आहे. त्या ओळीवर चुन्याचा पांढरा ठिपका पडला होता, तेवढ्यावरून त्यांना ती सापडत होती. डॉक्टरांच्या विनवण्या करून मी त्यांना तपासून घेतलं खरं. पण त्यांच्यामागून आलेले तिघं-चौघं दारातूनच परत गेले, त्यांना कोण विनवणार होतं?

म्हणून नोंदणी कधी बंद होणार ते लिही. तारखेबरोबर वार लिही, आणि जवळ सण असेल तर तोही सांग: 'संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार'. खेड्यात तारीख विसरतात, संक्रांत कुणी विसरत नाही. आधार कार्ड, रेशन कार्ड, आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आणायला सांग. बीपीची गोळी सकाळी नेहमीसारखी घेऊनच या, असंही लिही. शिबिर आहे म्हणून उपाशीपोटी, गोळी न घेता येणारी माणसं मी दरवर्षी बघते. आणि 'मोफत नेत्र शिबिर' या मोठ्या अक्षरांखाली हेही स्पष्ट कर, की त्या दिवशी फक्त तपासणी आहे. ऑपरेशन लागलं तर तारीख नंतर मिळेल आणि सोबत घरचं माणूस लागेल. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत आपल्या कर्नाटक राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट पडत नाही. सोबत लेक किंवा सून आली तर दोघींचा खर्च वाचतो, मुलगा आला तर त्याचं तिकीट काढावं लागतं. एवढी एक ओळ छापलीस तरी दहा म्हाताऱ्या जास्त येतील.

तारीख मात्र तू बरोबर धरली आहेस. सुगीच्या दिवसांत शिबिर ठेवणाऱ्यांना काय म्हणावं कळत नाही. भात कापायचं, मळायचं, झोडपायचं चालू असताना कोण डोळे दाखवायला येतं? आलं आणि ऑपरेशन झालं, तरी पुढचे काही आठवडे धूळ नको, चुलीचा धूर नको, ओझं नको, वेळच्या वेळी थेंब घालायचे. खळ्यावर मळणी पडलेली असताना हे कुठल्या घरात जमेल? संक्रांत झाली की बायका जरा मोकळ्या होतात. ऊसतोड चालू असते, पण आपल्या बेळगाव-खानापूरच्या भातपट्ट्यात तिचा त्रास कमी. चिकोडी-निपाणीकडे शिबिर करायचं ठरलं तर हे गणित पुन्हा मांड.

आता २६ जानेवारीचं 'भव्य रक्तदान शिबिर'. ते तू काढून टाकावंस असं मला वाटतं, आणि अध्यक्षांना हे आवडणार नाही हे जाणून सांगते. त्या दिवशी गल्लोगल्ली मंडळांची रक्तदान शिबिरं असतात. साठवलेलं रक्त साधारण ३५ दिवस टिकतं, म्हणजे प्रजासत्ताक दिनाची बाटली मार्च उजाडताना बाद. रक्त दिलेल्या पुरुषाला पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. आणि खरी चणचण पडते ती एप्रिल-मेमध्ये, कॉलेजं बंद, पोरं गावी, उन्हाचा कडाका. आपलं शिबिर एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ठेव, आणि वार्तापत्रात आत्ताच जाहीर कर. कारणही लिही, लोकांना पटतं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ हेही छाप. गेल्या खेपेला कॉलेजच्या कितीतरी मुली हौसेनं आल्या आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून खाली मान घालून परत गेल्या. खरं तर तीच आपली पुढच्या उपक्रमाची बातमी होती, पण आम्ही तिकडे पाहिलंच नाही. आम्ही बाटल्या मोजत बसलो.

तारखांचं आणखी थोडं. १७ जानेवारीला सकाळी आपला कोणताही कार्यक्रम नको. १९५६ साली त्या दिवशी सीमाप्रश्नाच्या आंदोलनातल्या गोळीबारात गेलेल्यांना आपली माणसं हुतात्मा चौकात अभिवादन करतात. तू त्याच दिवशी हळदीकुंकू आणि संगीत खुर्ची ठेवली आहेस. मुद्दाम नसेल, कॅलेंडर न बघता ठेवलीस. पण वडीलधारे बोलून दाखवणार नाहीत आणि मनात ठेवतील. जानेवारीचे रविवारही जपून वापर. कडोली, उचगाव, येळ्ळूर, एकेका गावात थंडीत मराठी साहित्य संमेलनं असतात आणि सगळं पंचक्रोशीतलं माणूस तिकडे लोटतं. त्यांच्याशी टक्कर कशाला घ्यायची? ग्रंथदिंडी निघते त्या वाटेवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभी राहा. एका सकाळी जितकी वाटून होतील तितकी आपल्या ऑफिसातून वर्षभर जात नाहीत. आणि पुढच्या डिसेंबरचं काही ठरवत असशील तर आधी इथल्या सुवर्ण विधानसौधमधल्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या तारखा बघ. त्या दिवसांत गावात हॉल मिळत नाही की लॉज, आणि बंदोबस्तात अडकलेली रुग्णांची गाडी सोडवायला पुन्हा तुलाच पळावं लागेल.

तिसऱ्या पानावरचा फोटो बघून मात्र मी पत्रक खाली ठेवलं. शिलाई मशीन घेताना त्या बाईंचा. खाली नाव, गाव, 'पतीच्या निधनानंतर' वगैरे. हा काढ. का, ते सांगते, आणि हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

आपण पहिल्यांदा दप्तरं वाटली त्या वर्षी एका मुलाचा फोटो मीच निवडला होता, ओळही मीच लिहिली होती: 'गरजू विद्यार्थ्याला मदतीचा हात'. दप्तरावर संस्थेचं नाव ठळक छापलेलं. मुलगा सातवीत होता, हुशार. पंधरा दिवसांनी शाळेच्या फाटकात भेटला, तेव्हा दप्तर उलटं करून घेतलं होतं. आतली शिवण बाहेर, दोरे लोंबतायत, चेन आतल्या अंगाला गेल्यामुळे तोंड दोरीनं बांधलेलं. मी विचारलं, असं का रे? काही बोलला नाही. त्याच्याबरोबरचं पोरगं हसत म्हणालं, "बाई, याला सगळे प्रतिष्ठान म्हणतात." जूनमध्ये त्यानं शाळा बदलली. दुसरी कारणंही असतील. मी स्वतःची समजूत तशीच घालते.

तेव्हापासून दप्तरावर नाव नाही. फोटो हवाच असेल तर मशीनचा छाप, शिवून झालेल्या परकराचा छाप, बाईंचे हात छाप. आणि छापण्यापूर्वी त्यांना विचार. चारचौघांत, अध्यक्षांच्या समोर नको, तिथं कोण नाही म्हणेल? घरी जाऊन विचार.

तुझ्या सगळ्या मसुद्यात मला सर्वात आवडलेली गोष्ट तू एका ओळीत उरकली आहेस: 'दर शनिवारी अर्ज भरून देण्याची सोय'. अगं, हीच तर बातमी! आपल्या मराठी खेड्यांतल्या माणसाच्या हातात शेताच्या उताऱ्यापासून नाडकचेरीच्या, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीच्या, दाखल्यापर्यंत जो कागद येतो तो कन्नडमध्ये. सही कुठं करायची हेसुद्धा दुसऱ्याला विचारावं लागतं, आणि तो दुसरा पन्नास रुपये घेतो. ती दोन पीयूसीची (अकरावी-बारावीची) पोरं शनिवारी टेबल मांडून बसतात, त्यांच्याजवळ जाऊन एक सकाळ बस. कोण येतं, काय विचारतं, कशात अडतं, ते लिही. मोठं लिही, अर्धं पान दे. महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर झाली, त्याबद्दलही तिथं सारखं विचारतात. पण याबाबत 'सर्व उपचार मोफत' असलं काही छापू नकोस. कोल्हापूरला रुग्ण न्यायच्या आधी त्या रुग्णालयाला फोन करून कागदपत्रं विचारून घ्या, एवढंच लिही. अर्धवट बातमीवर विसंबून गाडीभाडं घालवलेली माणसं मी बघितली आहेत.

आणि हो, शिबिराचं पान कन्नडमध्येही काढ. मला माहीत आहे, विश्वस्तांत दोघं कपाळाला आठ्या घालतील. त्यांना माझं नाव सांग. संस्थेच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं हा २०२४ चा कायदा झाला तेव्हा सर्वात जास्त चिडलेली मीच होते, आणि आजही माझं मत तेच आहे. पण वडगावात मागावर बसणाऱ्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात, आणि बारीक धाग्यावर जन्म काढल्यावर त्यांचेही डोळे जातात. सक्तीनं लिहिणं वेगळं आणि समोरच्याला कळावं म्हणून लिहिणं वेगळं. शेजारच्या कुणाकडून तपासून घे, गूगलवर विसंबू नकोस.

हिशेबाचं थोडक्यात. आपलं जमाखर्चाचं वर्ष मार्चअखेर संपतं, त्यामुळे जानेवारीच्या पत्रकात 'वार्षिक हिशेब' म्हणू नकोस. 'एप्रिल ते डिसेंबर, ऑडिट व्हायचं आहे' असं लिही. रोख दोन हजारांच्या वर देणाऱ्याला ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलत मिळत नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआयनं द्या, अशी ओळ टाक. आखातातल्या आपल्या मुलांनी भारतीय पासपोर्टवर राहून स्वतःच्या पैशातून पाठवलं तर चालतं, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, नोंदणीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही, मग तो सख्खा पुतण्या का असेना. खर्च मात्र पैन् पै छाप, चहाचासुद्धा. डिसेंबर १९२४ च्या आपल्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचा, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते त्याचा, हिशेब आजही लोक सांगतात: टिळकवाडीतल्या त्या विहिरीला ४,३७० रुपये ३ आणे लागले. वरचे तीन आणेसुद्धा कुणी गाळले नाहीत. तुझ्या मसुद्यात 'लाखो रुपयांचे सामाजिक कार्य' असं आहे. किती लाख?

विश्वस्तांच्या शुभेच्छा शेवटच्या पानावर एका चौकटीत, फोटोविना. रुसतील. संक्रांतीला तिळगूळ घेऊन जा, मीही येईन बरोबर.

दुरुस्त केलेली पानं शनिवारी घेऊन ये, टेबलावरच्या पोरांचं लिहून झालं असेल तर तेही. आणि पहिल्या पानावर शिबिरासाठी जो फोन नंबर छापायचा तो कुणाचा, हे मसुद्यात नाही. ऑफिसचा नको, पाचनंतर तिथं कुणी नसतं, आणि खेड्यातली माणसं जेवणं झाल्यावर फोन करतात. माझाही नको, उजव्या कानानं मला आता नीट ऐकू येत नाही. तुझा दे. रात्री दहापर्यंत उचलायचा.

तुझी,
बाई