साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी सराव आणि शर्यत, दोन्हीला एकच हलका शूज चालेल का?

चालेल, पण दोन जोड परवडत असतील तर दोनच घ्या. रोजच्या सरावाला २५०-२८० ग्रॅमचा, तळाला जाड फोम (मऊ गादी) असलेला. शर्यतीला आणि वेगाच्या सरावाला २००-२२० ग्रॅमचा. हलक्या शूजचा फोम लवकर दबतो, रोज वापरलात तर शर्यतीपर्यंत त्यात जीव राहत नाही.

शर्यतीच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटात खरी परीक्षा उतारावर होते. पाय पुढे सरकतो, अंगठा आपटतो, नख काळं पडतं. म्हणून सर्वात लांब बोटापुढे साधारण १०-१२ मिमी जागा हवीच. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. मोजेही पळायचेच घाला. लेस शेवटच्या जादा भोकातून ओवून टाच घट्ट बांधा, सरकणं बरंच थांबतं.

तळ नीट बघा. नुसता उघडा फोम पावसाळ्यात ओल्या डांबरावर घसरतो. टाचेखाली आणि चवड्याखाली रबर पाहिजे.

शूजच्या तळाच्या टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या उंचीतला फरक १० मिमीवरून एकदम ४ वर आणू नका, पोटरी आणि टाचेमागची शीर धरते. नव्या जोडावर आधी ४०-५० किमी पळा, त्यात एकदा तरी घाट उतरा.