तुमचं वडगाव कुठलं? क्लाउड आणि सिमॅन्टिक वेबवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात क्लाउडमध्ये आणि डेटाच्या कामात बरीच वर्षं असलेल्या चार जणांशी मी मारलेल्या गप्पा आल्या होत्या. त्यावर एवढे मेल आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून चार प्रश्न निवडलेत.

ताई, मी निवृत्त शिक्षिका आहे. नातू म्हणतो आजी तुझे सगळे फोटो क्लाउडवर आहेत. म्हणजे नक्की कुठे? आणि मोबाइल हरवला तर मिळतील ना? – एक वाचक, वाई

काकू, फोटो जमिनीवरच आहेत, एखाद्या मोठ्या इमारतीत, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. आत रांगेने कपाटांसारखे रॅक, एसी चोवीस तास चालू, लाइट गेली तर लगेच जनरेटर सुरू. हे भाड्याने द्यायचा धंदा आज आपण बघतो तसा सुरू झाला २००६ मध्ये, अ‍ॅमेझॉनने मार्चमध्ये डेटा ठेवायची एस-थ्री ही सेवा आणली आणि ऑगस्टमध्ये कॉम्प्युटर तासाच्या भाड्याने देणारी ईसी-टू. आपल्याकडे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत केंद्रं उघडली, २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉन मुंबईत आलं, २०१७ मध्ये गूगल. मुंबईच का, तर समुद्राखालून येणाऱ्या बऱ्याच इंटरनेट केबल तिथे वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बाहेर येतात.

मोबाइल हरवला तरी फोटो मिळतील, पण पासवर्ड आठवायला हवा आणि रिकव्हरीसाठी दुसरा एखादा नंबर टाकून ठेवायला हवा, कारण मोबाइलबरोबर सिमपण जातं आणि ओटीपी येणार तो त्याच सिमवर, हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. नातवाकडून आजच मुलाचा किंवा सुनेचा नंबर टाकून घ्या. आणि अजून एक, मोबाइलमध्ये जागा करायची म्हणून गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केलात तर तो क्लाउडवरूनही जातो. ६० दिवस ट्रॅशमध्ये असतो, मग कायमचा गेला. नातवंडांच्या बारशाचे वगैरे फोटो एका हार्डडिस्कवर वेगळे काढून ठेवा, एवढं कराच.

आमचं दूध संकलन केंद्र आहे. सॉफ्टवेअर विकताना सांगितलं क्लाउडवर आहे, कधीच बंद पडणार नाही. गेल्या महिन्यात सकाळच्या पाळीलाच बंद पडलं, दोन तास लोक कॅन घेऊन उभे. क्लाउड बंद पडतो का? – एक वाचक, सांगली जिल्हा

पडतो दादा. ज्याने तुम्हाला कधीच पडणार नाही असं सांगितलं त्याने चुकीचं सांगितलं.

२८ फेब्रुवारी २०१७ ला अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या अ‍ॅमेझॉनच्या केंद्रात एक जण बिलिंगच्या सिस्टीममधला बिघाड शोधत होता, थोडेसे सर्व्हर काढायची कमांड द्यायची होती, ती टाइप करताना चूक झाली आणि भलतेच जास्त सर्व्हर निघाले. एस-थ्री साधारण चार तास आडवं, आणि त्यावर उभ्या असलेल्या असंख्य वेबसाइट आडव्या. आमची सेवा सध्या बंद आहे हे सांगणारं अ‍ॅमेझॉनचं स्वतःचं पानसुद्धा त्यांना बदलता येईना कारण तेही एस-थ्रीवरच अवलंबून होतं! दुसरं उदाहरण फ्रान्समधलं, १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांनी बॅकअपही तिथेच ठेवला होता त्यांचा डेटा गेला.

तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा की डेटा कुठल्या शहरात आहे, बॅकअप दुसऱ्या शहरात आहे का आणि तो परत चढवून कधी बघितलाय का. पण तुमच्या कामात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेट नसताना ते चालायला पाहिजे. लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आधी केंद्रातल्याच कॉम्प्युटरवर नोंदलं जावं आणि नेट आलं की वर जावं. दूध थांबत नाही, म्हणून नोंद थांबता कामा नये. हे करता येत नाही असं कोणी म्हणालं तर दुसरा माणूस बघा, कारण हे करता येतं.

आमची छोटी संस्था गावोगाव पाण्याचं काम करते. १५ वर्षांच्या एक्सेल फाइल गेल्या वर्षी क्लाउडवर टाकल्या, तरी शोधलं की काही धड सापडत नाही. तुमच्या गप्पांमध्ये एकाने सिमॅन्टिक वेब हे उत्तर सांगितलं, दुसरे म्हणाले ते कधीच मेलं. खरं कोण बोलतंय? – एक कार्यकर्ता, पुणे

दोघंही. या प्रश्नाला जरा जास्त जागा देते, कारण मला हाच सगळ्यात जवळचा आहे.

तुमच्या फाइलमध्ये एक ओळ असेल, ‘वडगाव, विहीर, पाणी ४० फुटांवर.’ आता कुठलं वडगाव? वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, की कोल्हापूरकडचं पेठ वडगाव? ओळ लिहिणाऱ्याला माहीत होतं कारण तो तिथे उभा होता. कॉम्प्युटरसाठी ती नुसती अक्षरं. त्यात कोणी ‘वडगांव’ असं अनुस्वार देऊन लिहिलं की त्याच्या हिशेबी ते अजून एक गाव झालं. अशी फाइल क्लाउडवर टाकली म्हणजे घरातलं विस्कटलेलं कपाट उचलून भाड्याच्या खोलीत नेलं, आतला पसारा तसाच.

सिमॅन्टिक वेबची मूळ कल्पना एवढीच की अक्षरांना अर्थ जोडायचा, तोही मशीनला कळेल असा. वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लसिला यांच्याबरोबर मे २००१ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये यावर लेख लिहिला. त्यात आईच्या उपचारांच्या अपॉइंटमेंट मुलांच्या वेळा बघून सॉफ्टवेअरच ठरवतं असं चित्र होतं. त्यासाठीची आरडीएफ नावाची पद्धत १९९९ पासून होतीच. शाळेतलं कर्ता-कर्म-क्रियापद आठवा, आरडीएफ जवळपास तसंच, प्रत्येक माहितीचे तीन तुकडे. ‘ही विहीर – आहे – या गावात.’ फक्त विहिरीला, गावाला आणि ‘आहे’ या संबंधालासुद्धा आपापला न बदलणारा पत्ता असतो.

मग झालं का तसं? नाही. कारण हे सगळं लिहायचं कोणी? कष्ट माझे आणि फायदा दुसऱ्याला, असं असलं की कोणी करत नाही. जे मेलं म्हणाले ते या स्वप्नाबद्दल बोलत होते आणि तेवढ्यापुरतं बरोबरच आहे.

पण ते वेगळ्या रूपात रुजलं. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहूने मिळून स्कीमा डॉट ऑर्ग आणलं, म्हणजे वेबसाइटवाल्यांनी पानावरच्या माहितीचा अर्थ मशीनला सांगायचे ठरावीक शब्द, त्यामागे रामनाथन गुहा होते, आयआयटी मद्रासचे. गूगलवर रेसिपी शोधली की किती मिनिटं लागतील ते बाहेरच दिसतं ना, त्याच्या मागे बहुतेक वेळा हेच असतं. २०१२ मध्ये गूगलचा नॉलेज ग्राफ आला, म्हणजे माणसं, जागा, वस्तू एकमेकांशी जोडून ठेवलेली माहिती, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विकिडेटा सुरू झालं, विकिपीडियाचं भावंड, ज्यात प्रत्येक गोष्टीला एक नंबर असतो. विकिडेटावर मुंबईचा नंबर क्यू११५६. तुम्ही मुंबई म्हणा, बम्बई म्हणा, बॉम्बे म्हणा, नंबर तोच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, नाव बदललं तरी नोंद तीच राहते आणि जुन्या कागदावरची माहिती नव्याशी जोडलेली राहते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

तुम्ही लगेच आरडीएफच्या मागे लागू नका. पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, त्यात जिल्हा, तालुका, गाव प्रत्येकाला वेगळा कोड आहे. तुमच्या एक्सेलमध्ये गावाच्या नावाशेजारी एक कॉलम वाढवा आणि तो कोड भरा, मग प्रत्येक विहिरीला तुमचा स्वतःचा एक नंबर द्या जो परत कधी दुसऱ्या विहिरीला द्यायचा नाही. हे काम जुने कार्यकर्ते आहेत तोवर करा, कारण २०१२ मधलं वडगाव कुठलं ते फक्त त्यांनाच आठवणार आहे, आणि क्लाउडचं भाडं कितीही भरलं तरी ते परत मिळणार नाही.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एआयच्या जमान्यात आरडीएफ, स्पार्कल शिकून काय उपयोग? क्लाउडचं सर्टिफिकेट करू का? – एक विद्यार्थी, नांदेड

सर्टिफिकेट कर, पण आधी लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं कर, आणि क्लाउडचं फ्री अकाउंट उघडलंस की पहिल्याच दिवशी बिलाचा अलर्ट लाव. चालू राहिलेल्या मशीनचं बिल आलेली मुलं मी बघितलीयेत, घरून पैसे मागायची वेळ येते.

स्पार्कल म्हणजे आरडीएफमध्ये ठेवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा, आणि तिचा उपयोग आहे. एआय बिनधास्त चुकीचं सांगतं, म्हणून कंपन्या आपली खरी माहिती नीट जोडून त्याला पुरवतात, आणि ती जोडणारी माणसं लागतात. विकिडेटावर स्पार्कलने प्रश्न विचारायची सोय फुकट आहे. सुरुवातीला महाराष्ट्रातल्या नद्यांची यादी काढ, कशाला मराठी नाव नाही ते बघ, आणि तुझ्या भागातली जी तुला माहीत आहेत ती स्वतः भर.