वाचक विचारतात: डॉट एआयचे पैसे खरंच एका बेटाला जातात का?

मागच्या अंकात आपण कोपऱ्यातल्या चौकटीत चार ओळींत सांगितलं होतं की वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी जे डॉट एआय असतं ते मुळात कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला नावाच्या बेटाचं आहे. त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं, शेअर बाजार आणि गुडघेदुखीवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं.

प्रश्न: माझ्या मुलाच्या स्टार्टअपच्या साइटचा पत्ता डॉट एआयवर संपतो. तो म्हणतो आम्ही पैसे अमेरिकन कंपनीला भरतो, बेटाबिटाचा काही संबंध नाही. खरं कोण, तुम्ही की तो? (पुणे)

दोघंही. तुमचा मुलगा पैसे भरतो ते मधल्या विक्रेत्याला, पण त्यातला मोठा भाग पुढे अँग्विलाच्या सरकारकडे जातो. प्रत्येक देशाला आणि प्रदेशाला दोन अक्षरी कोड असतो, आपला डॉट इन, तसा अँग्विलाचा एआय, आणि 1995 मध्ये तो त्यांना इंटरनेटसाठी मिळाला तेव्हा एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता हा अर्थ फारसा कुणाच्या डोक्यात नव्हता. विन्स केट नावाचा एक अमेरिकन प्रोग्रॅमर 1994 ला तिकडे राहायला गेला होता, त्याने हे काम अंगावर घेतलं आणि पुढची जवळपास तीस वर्षं जवळजवळ एकट्यानेच सांभाळलं. मग 2022 च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि सगळ्या जगाला एकदम हाच पत्ता हवासा झाला. 2022 मध्ये असे पत्ते, म्हणजे डोमेन, 1 लाख 44 हजार होते, वर्षभरात साडेतीन लाख झाले.

फी होती दोन वर्षांची मिळून 140 डॉलर, कमीत कमी दोन वर्षांसाठीच घ्यावं लागतं, आणि गंमत म्हणजे दोन वर्षांनी परत भरावं लागतं, म्हणजे ही एकदाची लॉटरी नाही, हप्ता आहे. 2023 ला सरकारला यातून साधारण 3 कोटी 20 लाख अमेरिकन डॉलर मिळाले, म्हणजे सरकारच्या एकूण उत्पन्नाचा पाचवा हिस्सा, आणि 2024 ला 3 कोटी 90 लाखांच्या आसपास. लोकसंख्या किती, तर पंधरा-सोळा हजार! माणशी हिशोब तुम्हीच करा.

एक मात्र लक्षात घ्या. बातम्यांमध्ये येतं ना की अमुकने तमुक डॉट एआय सात लाख डॉलरला घेतलं, ते पैसे बहुतेक वेळा आधीच्या मालकाच्या खिशात जातात. बेटाला मिळते ती नोंदणीची आणि नूतनीकरणाची फी, आणि मुदत संपून परत लिलावात आलेल्या नावांचे पैसे.

प्रश्न: बेट नक्की आहे कुठे आणि आहे केवढं? नदी, डोंगर, शेती काय आहे का? (बार्शी)

बार्शीकरांनी विचारलं म्हणून बरं झालं, कारण अँग्विला जवळजवळ तुमच्याच अक्षांशावर आहे, 18 अंश उत्तरच्या थोडंसं वर. पण तुमच्यासारखंच ऊन असलं तरी बाकी काहीच सारखं नाही. प्वेर्तो रिकोच्या पूर्वेला बेटांची एक कमान खाली दक्षिणेकडे जाते, तिच्या वरच्या टोकाला हे आहे, आणि शेजारी दक्षिणेला सेंट मार्टिन, जे अर्धं फ्रेंच आणि अर्धं डच आहे.

क्षेत्रफळ 91 चौरस किलोमीटर. लांबी 26 किलोमीटर, म्हणजे चर्चगेटहून गोरेगावला गेलात की बेट संपलं, आणि रुंदी जास्तीत जास्त पाचेक किलोमीटर. डोंगर नाहीच, सगळ्यात उंच जागा क्रोकस हिल, ती पण सत्तर मीटरच्या आतबाहेर. आजूबाजूच्या सेंट किट्स, मॉन्टसेराट या बेटांवर ज्वालामुखी आहेत, उंच डोंगर ढग अडवतात, पाऊस पाडतात, जमीन काळीभोर. अँग्विला मात्र प्रवाळ आणि चुनखडीचं सपाट ताट आहे, ढग वरून निघून जातात, जो पाऊस पडतो तो चुनखडीत मुरतो, म्हणून नदी एकही नाही. माती पातळ. पिण्याचं पाणी छपरावरून टाकीत साठवायचं किंवा समुद्राचं खारं पाणी गोडं करायचं.

याच रखरखीतपणावरून बेटाचा सगळा इतिहास ठरलाय असं माझं मत आहे. ऊस लावून बघितला, नीट आला नाही. 1834 ला गुलामगिरी संपली तेव्हा मळेवाल्या गोऱ्यांना तिथे राहण्यात काही फायदा दिसेना, बरेचजण निघून गेले, आणि जमिनीचे तुकडे सुटलेल्या लोकांच्या हातात आले. म्हणजे मोठा जमीनदार नाही आणि मळ्यावरचा मजूर पण नाही, प्रत्येकाकडे थोडी जमीन, एखादी होडी, मिठागराचं काम. सँडी ग्राउंडच्या खाजणात मीठ 1980 च्या दशकापर्यंत काढत होते. पैसा कमवायचा तर बाहेर जायचं, डोमिनिकन रिपब्लिकला ऊस तोडायला, अरुबा-क्युरासाओच्या तेल रिफायनरीत, नंतर इंग्लंडला, तिथे लंडनजवळच्या स्लाऊ गावात अँग्विलाचे इतके लोक आहेत की विचारू नका.

प्रश्न: मी शाळेत इतिहास शिकवते. कुठेतरी वाचलं की या बेटाने ब्रिटिशांच्या विरोधात नाही तर ब्रिटिशांकडे राहण्यासाठी बंड केलं. असं कोण करतं? (सांगली)

ताई, यांनी केलं, आणि मला विचाराल तर या अख्ख्या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे, डोमेनबिमेन नंतर.

झालं असं की 1967 च्या फेब्रुवारीत ब्रिटिशांनी सेंट किट्स, नेव्हिस आणि अँग्विला अशी तीन बेटं एकत्र बांधून अर्धवट स्वतंत्र राज्य केलं. राजधानी सेंट किट्सला, शंभरएक किलोमीटर लांब, आणि प्रीमियर रॉबर्ट ब्रॅडशॉ, जे उसाच्या मजुरांच्या युनियनमधून वर आले होते. अँग्विलात ऊसही नाही आणि युनियनही नाही, त्यामुळे तिथे त्यांना मतं पण नाहीत. लोकांची तक्रार की आम्हाला वीज नाही, रस्ते नाहीत, सगळं तिकडेच अडकतं, आता तर साहेबांकडे दाद मागायची सोय पण गेली. 30 मे 1967 ला लोकांनी सेंट किट्सच्या पोलिसांना विमानात बसवून परत पाठवलं. जुलैमध्ये मतदान घेतलं, वेगळं होण्याच्या बाजूने 1,813 आणि विरुद्ध 5. पाच!

मग दोन वर्षं वाटाघाटी, कुणी मान्यता देईना, शेवटी वैतागून 1969 ला रिपब्लिक जाहीर केलं. मार्चमध्ये ब्रिटनचे एक कनिष्ठ मंत्री विल्यम व्हिटलॉक बोलणी करायला आले, त्यांना बंदुका दाखवून पळवून लावलं. आठवड्याभराने, 19 मार्चला पहाटे ब्रिटनने तीनशेच्या वर पॅराट्रूपर आणि लंडनचे चाळीसेक पोलीस उतरवले. किनाऱ्यावर अंधारात काहीतरी चमकलं, सैनिकांना वाटलं गोळीबार, निघाले पत्रकारांचे फ्लॅश. एकही गोळी चालली नाही, लंडनच्या पेपरांनी सरकारची यथेच्छ टिंगल केली. आणि बंडवाल्यांना काय मिळालं, तर जे हवं होतं तेच! ब्रिटिश परत आले, त्यांच्या इंजिनिअर पलटणीने रस्ते आणि शाळा बांधून दिली, 1971 ला लंडनने कारभार थेट हातात घेतला आणि 19 डिसेंबर 1980 ला अँग्विला कायद्याने सेंट किट्सपासून वेगळं झालं. बंडाचे नेते रोनाल्ड वेब्स्टर मधल्या काळात पहिले चीफ मिनिस्टर झाले होते.

आता वर्गात सांगायची गंमत. दोन अक्षरी कोडची आंतरराष्ट्रीय यादी असते, त्यात एआय हा कोड आधी आफ्रिकेतल्या एका फ्रेंच वसाहतीचा होता, अफार आणि इसा लोकांचा प्रदेश, जो 1977 ला जिबुती म्हणून स्वतंत्र झाला आणि कोड रिकामा झाला. अँग्विला वेगळं झाल्यावर तो त्यांना मिळाला. म्हणजे 1967 ला ते लोक गप्प बसले असते तर आज सेंट किट्सचा एक जिल्हा असते, वेगळा कोडच नसता, आणि हे सगळे डॉलर पण नसते. नशीब म्हणतात ते आहेच, पण नशीब येऊन बसायला पाट त्यांनी आधीच मांडून ठेवला होता.

प्रश्न: मग आता तो देश आहे की ब्रिटनचा भाग? राज्य कोण करतं? (नागपूर)

दोन्ही नाही. ब्रिटिश ओव्हरसीज टेरिटरी म्हणतात. राजा चार्ल्स प्रमुख, त्यांच्या वतीने लंडनहून आलेला गव्हर्नर, त्याच्याकडे संरक्षण, परराष्ट्र, पोलीस आणि सरकारी नोकरवर्ग. बाकी घरचा कारभार निवडून आलेल्या सरकारचा, 1982 च्या राज्यघटनेप्रमाणे. विधानसभेत 11 जण निवडून येतात, 7 आपापल्या मतदारसंघातून आणि 4 अख्ख्या बेटातून. आधी प्रमुखाला चीफ मिनिस्टर म्हणायचे, 2019 पासून प्रीमियर म्हणतात. 2025 च्या फेब्रुवारीत कोरा रिचर्डसन-हॉज निवडून आल्या, त्या पहिल्या महिला प्रीमियर.

वरचं कोर्ट पूर्व कॅरिबियन बेटांचं एकत्र, शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलला. 2002 पासून तिथल्या लोकांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व आहे, पण ब्रिटनच्या माणसाला अँग्विलात जाऊन आपोआप हक्क मिळत नाहीत, बाहेरच्याने जमीन घ्यायची तर वेगळं लायसन्स लागतं. गाडी डावीकडूनच चालवतात आपल्यासारखी, फक्त गाड्या बऱ्याचशा अमेरिकेतून आणलेल्या त्यामुळे स्टिअरिंगही डावीकडे, ओव्हरटेक कसं करत असतील देव जाणे.

प्रश्न: इन्कम टॅक्स नाही म्हणे! मग सरकार चालतं कशावर? डोमेनच्या आधी काय खायचे? (ठाणे)

पर्यटनावर, आणि ते पण महागड्या. क्रूझची जत्रा नको, थोडे पण श्रीमंत पाहुणे हवेत असं धोरण त्यांनी 1980 च्या दशकापासून धरलं. शोल बे, मीड्स बे, रॉन्देव्हू बे, पांढरीशुभ्र वाळू आणि ताटात लॉब्स्टर, गिऱ्हाईक मुख्यतः अमेरिकन. वैयक्तिक इन्कम टॅक्स खरंच नाही. सरकारचं उत्पन्न आयात शुल्क, हॉटेलवरचे कर, स्टॅम्प ड्युटी, कंपन्यांची नोंदणी यातून. जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्यामुळे तुम्ही टॅक्स भरत नाही असं वाटतं पण दुकानात प्रत्येक डब्यावर भरत असता. 2022 ला 13 टक्के जीएसटी पण आणला, तो लोकांना किती आवडला असेल ते ठाणेकरांना सांगायला नको.

अशा एकाच पायावर उभ्या घराचं काय होतं ते 6 सप्टेंबर 2017 ला दिसलं. इर्मा चक्रीवादळ पाचव्या श्रेणीचं, तासाला 285 किलोमीटरच्या आसपास वारा, विमानतळ, फेरीचा धक्का, हॉस्पिटल, शाळा सगळ्याचं नुकसान, हॉटेलं महिनोन्‌महिने बंद. त्याच्या आधी 2013 ला बेटाच्या दोन्ही स्थानिक बँका अडचणीत येऊन सेंट्रल बँकेच्या ताब्यात गेल्या होत्या. आणि त्यानंतर 2020 चा कोविड. म्हणून डोमेनच्या पैशाला तिथे एवढी किंमत आहे, वादळ आलं तरी हा गिऱ्हाईक बुकिंग कॅन्सल करत नाही. सर्व्हर बुडायची भीती मात्र होती, त्यासाठी 2024 ला आयडेंटिटी डिजिटल या मोठ्या कंपनीशी करार करून ते काम जगभर पसरलेल्या यंत्रणेवर टाकलं. पैसा विमानतळ वाढवायला, म्हाताऱ्या माणसांच्या उपचारांना वगैरे वापरतायत. एआयचा फुगा फुटला तर काय, हा प्रश्न आहेच, आणि माझ्या मते त्यांनी मिळतंय तोवर कर्ज फेडून बाजूला टाकावं.

चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, 1976 पासून एका अमेरिकन डॉलरला 2.70 असा पक्का बांधलेला. तो चलनात आणणाऱ्या सेंट्रल बँकेचं ऑफिस कुठे आहे माहितीय? सेंट किट्सला. पोलीस परत पाठवले, नोटा अजून तिथूनच येतात.

प्रश्न: क्रिकेट खेळतात का? (रत्नागिरी)

खेळतात, पण राष्ट्रीय खेळ होड्यांची शर्यत आहे, ऑगस्टमध्ये सगळं बेट किनाऱ्यावर असतं. तरी ओमारी बँक्स लक्षात ठेवा, अँग्विलाचा पहिला कसोटीपटू. 2003 ला अँटिग्वात वेस्ट इंडिजने ऑस्ट्रेलियाविरुद्ध चौथ्या डावात 418 धावा करून विक्रम केला त्यात हा शेवटपर्यंत नाबाद 47. नंतर क्रिकेट सोडून गायक झाला.

प्रश्न: जायचं कसं? (नाव न देता, मुंबई)

मायामीहून थेट विमान आहे, 2021 च्या डिसेंबरपासून. नाहीतर सेंट मार्टिनच्या डच बाजूच्या विमानतळावर उतरायचं, तोच तो, जिथे विमानं समुद्रकिनाऱ्यावरच्या लोकांच्या डोक्याला घासून जातात, आणि मग फ्रेंच बाजूच्या मारिगोहून अँग्विलाच्या ब्लोइंग पॉइंट धक्क्याला फेरी, पाऊण तासाच्या आत पोचता. व्हिसाचं अर्जाआधी नीट बघून घ्या, कारण वाटेत फ्रेंच, डच आणि ब्रिटिश असे तिघांचे नियम लागू शकतात. आणि हॉटेलचे भाव बघताना बसून बघा.