आयुक्तांनीच अपील ऐकावे का?

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधील खेळाडू टॉम ब्रेडी यांच्या निलंबनावरून आमच्या मित्रमंडळात अजूनही वाद होतो. लीगच्या आयुक्तांनीच अपील ऐकलेले न्यायालयाने कसे चालवून घेतले?
— एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : चेंडूंतील हवा कमी केल्याच्या प्रकरणात 2015 मध्ये लीगने ब्रेडी यांना चार सामन्यांसाठी निलंबित केले आणि आयुक्त रॉजर गुडेल यांनी त्यांचे अपील फेटाळले. न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी ते निलंबन रद्द केले. परंतु एप्रिल 2016 मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी ते पुन्हा लागू केले. हवा कोणी काढली, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. चाहते मात्र बहुधा त्यावरच भांडतात. लवाद (वादाचा निवाडा करणारा) म्हणून अपील स्वतः ऐकण्याचा आयुक्तांचा अधिकार खेळाडूंच्या संघटनेनेच सामूहिक करारात मान्य केलेला असल्याने, त्यांचा निर्णय कराराच्या चौकटीत बसतो की नाही, एवढेच न्यायाधीशांना तपासायचे होते. भारतातील लवाद कायद्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीनंतर पक्षकाराचा व्यवस्थापक लवाद होण्यास अपात्र ठरतो, अर्थात वाद उद्भवल्यानंतर उभय पक्षांनी लेखी सूट दिली नसेल तर. आपल्या मित्रांचा संताप रास्त आहे. मात्र तो न्यायालयापेक्षा असा करार स्वीकारणाऱ्या संघटनेवर निघावा, असे मला वाटते.