साध्या खारी बिस्किटांचं (मोनॅको वगैरे) पाहुण्यांसाठी तिखट आणि गोड काय करता येईल?

तिखटात आमच्याकडे ठरलेलं म्हणजे बिस्किट चाट, उकडलेला बटाटा कुस्करून त्यात हिरवी चटणी आणि चाट मसाला, तो चमचाभर बिस्किटावर, वरून बारीक कांदा, टोमॅटो, शेव, कोथिंबीर झालं. बटाट्यात मीठ घालू नका हां, बिस्किट आधीच खारट असतं आणि चाट मसाल्यातपण मीठ असतंच, मी एकदा घातलं होतं आणि सगळे नुसते पाणी पीत बसले. टोमॅटोच्या बिया काढून टाका, नाहीतर ५ मिनिटात बिस्किट मऊ पडतं. आधी बटरचा पातळ हात फिरवला तर ओल लगेच आत शिरत नाही, थोडा वेळ कुरकुरीत राहतं. तरी तयारी आधी करून ठेवा आणि लावा मात्र पाहुणे बसल्यावरच.

गोडात चॉकलेट वितळवून बिस्किट अर्धं बुडवायचं, बटर पेपरवर ठेवून १५-२० मिनिटं फ्रिजमध्ये, खारट-गोड भारी लागतं. घाई असेल तर चीजचा तुकडा आणि त्यावर जॅम, पोरं तेच आधी संपवतात. श्रीखंडपण लावून बघितलंय, चव मस्त पण लगेच तोंडात टाकावं लागतं.