एनएफ-१ असलेल्या मुलाच्या एमआरआयमध्ये दिसलेले पांढरे डाग म्हणजे गाठी का?

आपल्या सात वर्षांच्या मुलाला न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, म्हणजेच एनएफ-१ हा नसांवर गाठी आणू शकणारा जनुकीय आजार आहे आणि त्याच्या मेंदूच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘अनआयडेंटिफाइड ब्राइट ऑब्जेक्ट्स’ (ओळख न पटलेल्या चकाकत्या वस्तू, म्हणजे पांढरे डाग) असे लिहून आले आहे. या गाठी आहेत का, असे आपण विचारले आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे. रिपोर्टमध्ये याखेरीज काही नसेल, तर उत्तर ‘नाही’ असेच आहे. हे नाव उडत्या तबकड्यांना अधिक शोभले असते, म्हणून मी ते रिपोर्टमध्ये शक्यतो लिहीत नाही.

एनएफ-१ असलेल्या बहुसंख्य मुलांमध्ये असे डाग आढळतात. मेंदूच्या आतल्या भागातील ग्लोबस पॅलिडस व थॅलॅमस, मेंदूचा देठ आणि लहान मेंदू या त्यांच्या ठरलेल्या जागा. टी-२ आणि फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय प्रतिमांवर ते कापसाच्या पुंजक्यासारखे, अस्पष्ट कडांचे पांढरे दिसतात. टी-१ प्रतिमेवर मात्र बहुधा त्यांचा मागमूसही लागत नाही. मज्जातंतूंवरील मायलिन या आवरणाच्या थरांमध्ये पाण्याचे सूक्ष्म फुगे साठल्याने हे घडते, असे मानले जाते. तिथे पेशींची बेसुमार वाढ झालेली नसते. म्हणूनच लहान मेंदूतील डाग शेजारच्या चौथ्या व्हेंट्रिकलला, म्हणजे द्रवाने भरलेल्या पोकळीला, सहसा ढकलत नाही आणि शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट औषधही शोषून घेत नाही. डाग टी-१ वर स्पष्ट काळा दिसू लागला, आसपासचा भाग दाबू लागला किंवा कॉन्ट्रास्टने उजळला, तर मात्र मी तो ग्लायोमा, म्हणजे मेंदूतील एक प्रकारची गाठ, असू शकतो असे धरूनच पुढे जातो. एरवी हे डाग किशोरवयापासून फिके पडत जातात आणि प्रौढांमध्ये क्वचितच उरतात. त्यांची संख्या मोजून मुलाच्या बुद्धीविषयी अंदाज बांधू नये.

माझ्या मते आपली काळजी डागांपेक्षा डोळ्यांच्या नसांकडे वळायला हवी. एनएफ-१ असलेल्या साधारण १५ ते २० टक्के मुलांमध्ये या नसांच्या मार्गावर ग्लायोमा आढळतो. त्यांतील बरेचसे कधीच त्रास देत नाहीत, पण काही दृष्टी हिरावून घेतात आणि लहान मूल ‘मला कमी दिसते’ असे आपणहून सांगत नाही. त्यामुळे लहान वयात दरवर्षी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. एक डोळा पुढे आल्यासारखा वाटला, तिरळेपणा दिसला किंवा वयात येण्याची लक्षणे फार लवकर दिसू लागली, तर वर्षभर थांबू नये.

पुन्हा एमआरआय करायचा झाल्यास आधीची सीडी सोबत न्यावी, नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. डाग वाढला की तेवढाच राहिला, हे दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय आम्हाला खात्रीने सांगता येत नाही.