छतात बसणारे दिवे : स्लॅबखाली आणि तक्तपोशीत

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यात आहे. माजघरावर जुनी सागवानी तक्तपोशी असून तिच्यावर माळा व कौले आहेत. पुढे नव्याने बांधलेल्या दिवाणखान्याला १० फूट उंचीवर स्लॅब आहे. दोन्हीकडे छतात गडप होणारे एलईडी दिवे हवे आहेत. स्लॅब थोडा खोदू, असे गवंडी म्हणतो. वायरमन फॉल्स सीलिंग सुचवतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : वायरमनचे. घराचा स्लॅब साधारणपणे ५ इंच जाड असतो आणि तळाच्या सळ्यांखाली काँक्रीटचे आवरण जेमतेम २० मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच असते. दिव्यासाठी दोन इंच खोदले की सळई उघडी पडण्याची भीती असते आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती गंजून फुगली की आजूबाजूचे काँक्रीटही सुटू लागते. (पुढे वरचा मजला चढवणार असाल, तर स्लॅब ओतण्यापूर्वीच दिव्यांचे डबे व पाइप टाकून घ्यावेत.)

दिवाणखान्यात जिप्सम बोर्डचे सीलिंग ५-६ इंच खाली घेतले तरी साडेनऊ फूट उंची उरते, ती पुरेशी आहे. पंखा मात्र स्लॅबमधल्या हुकालाच टांगावा, बोर्डाला कधीही नाही. ४८ इंची पंख्याची पाती मध्यापासून २ फुटांपर्यंत फिरतात. त्या घेरावर दिवा आला तर पात्यांची सावली खोलीभर सतत लुकलुकत राहते, म्हणून दिवे घेरापासून चांगले दूर, भिंतींच्या बाजूला घ्यावेत. भोक पाडताना खोक्यावर छापलेले कट-आउटचे माप पाहावे. दिव्याच्या बाहेरील कडेचे माप धरून भोक पाडले, तर स्प्रिंगच्या पट्ट्यांना पकड मिळत नाही आणि बोर्ड वाया जातो.

तक्तपोशीचे काम अधिक जपून करण्याचे आहे, कारण तशी फळी आता सहजासहजी मिळत नाही. सुताराने करवत लावण्यापूर्वी माळ्यावर चढून तुळया कोठे आहेत आणि जुन्या वायरी कोठून गेल्या आहेत, हे स्वतः पाहावे. भाताची पोती किंवा अडगळ त्याच फळ्यांवर ठेवली जात असेल, तर तेथे भोक पाडू नये. भिंतीवरचे दिवे लावावेत. वर पोकळी मोकळी असेल तरच पुढे जावे आणि प्रत्येक दिव्याभोवती किमान वीतभर जागेत कोंडा, गोणपाट, कागद काही राहू देऊ नये. एलईडी हॅलोजनइतका तापत नसला तरी त्याच्या ड्रायव्हरला (दिव्याला योग्य वीज पुरवणाऱ्या छोट्या डबीला) हवा लागते. तो कोंडला की दिवा लवकर जातो. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून ती पाइपातूनच न्यावी आणि जोड नुसते टेपने न गुंडाळता झाकणाच्या डब्यात करावेत. कौलांची गळती मात्र आधी थांबवावी. सागाच्या गडद रंगाला ३००० केल्विनचा पिवळसर उजेडच शोभतो, असे आमचे मत आहे.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. घरात इन्व्हर्टर असेल, तर मेन स्विच बंद केल्यावरही दिव्यांच्या वायरीत वीज असते. तोही बंद करून टेस्टरने खात्री केल्यावरच हात लावू द्यावा. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढल्यास आपोआप बंद होणारा स्विच) आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळल्यास पुरवठा तोडणारा स्विच) असावा. ९ वॅटचे ८ दिवे मिळून ७२ वॅटच होतात, त्यामुळे केवळ त्यांच्यासाठी हेस्कॉम या वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घेण्याची गरज सहसा पडत नाही.